सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात लाकडाचा वाटा किती?

वेटोळे (धागाकर्ता)

पुण्यात पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्या मुलामुलींना दुकानात सर्वांत आधी लाकडाची माहिती मिळते. महोगनीचा आवाज भरदार, मेपलचा खणखणीत, आल्डरचा समतोल आणि बासवुडचा निर्जीव, असे ठामपणे सांगितले जाते, आणि किमतीही त्याच क्रमाने उतरत जातात. माझ्याकडे पिकअप नव्याने गुंडाळून घ्यायला किंवा गिटार दुरुस्तीला येणाऱ्यांपैकी अनेकांनी या माहितीवर विश्वास ठेवून ऐपतीबाहेरचे वाद्य घेतलेले असते आणि तरीही आवाज मनासारखा येत नाही म्हणून ते हताश झालेले असतात. त्यामुळे हा प्रश्न येथे सविस्तर चर्चेला घ्यावा असे वाटले. अकूस्टिक गिटारविषयी वाद नाही. तिथे तारेचे कंपन ब्रिजमधून, म्हणजे बॉडीवर तार टेकते त्या घोडीतून, वरच्या पातळ फळीला मिळते आणि ती फळीच हवा हलवते, त्यामुळे फळी बदलली की आवाज बदलतो. प्रश्न आहे तो भरीव अंगाच्या गिटारचा.

अशा गिटारमध्ये ऐकण्याचे काम पिकअप करतो. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. वर ताणलेली पोलादी तार त्या चुंबकाच्या क्षेत्रात हलली की क्षेत्र बदलते आणि वेढ्यांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले प्रेरण ते हेच. लाकूड चुंबकीय नसल्यामुळे पिकअपला ते थेट जाणवत नाही. लाकडाला आवाजात हात घालायचा असेल, तर तो तारेच्याच हालचालीतून घालावा लागेल, म्हणजे तारेची ऊर्जा ब्रिजच्या आणि दुसऱ्या बाजूला नटच्या (नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, टोकाची खाचांची पट्टी) किंवा फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) टोकांतून शोषून घेऊन, किंवा पिकअपलाच तारेच्या तुलनेत हलवून.

याच्या शेजारी बाकीचे घटक ठेवून पाहा. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा नेकजवळचा पिकअप मोकळ्या तारेच्या साधारण एक चतुर्थांश लांबीवर असतो, आणि चौथ्या उपस्वराचा स्थिर बिंदू नेमका तिथेच येत असल्यामुळे मोकळ्या तारेवर तो उपस्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. पिकअप काही मिलिमीटर सरकला तरी हे गणित बदलते. दुसरे उदाहरण केबलचे. पिकअपचे प्रेरकत्व २.४ हेन्री धरले त्याची स्वतःची धारिता १५० पिकोफॅरड धरली आणि केबलची धारिता मीटरला १५० पिकोफॅरड धरली, तर ३ मीटरच्या केबलवर पिकअपचा अनुनाद, म्हणजे ज्या कंप्रतेला तो सर्वांत जोरात बोलतो ती जागा, ४२०० हर्ट्झच्या आसपास येतो आणि ६ मीटरच्या केबलवर तो ३२०० हर्ट्झपर्यंत उतरतो. एवढा बदल कोणालाही ऐकू येतो. त्यासाठी लाकडाचा कणही बदलावा लागत नाही.

इतिहासही हेच सुचवतो. बाजारात यशस्वी ठरलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३२ मध्ये आली. रिकनबॅकरची ती मांडीवर ठेवून वाजवायची गिटार ओतीव अॅल्युमिनियमची होती. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास चार इंच जाडीच्या चौकोनी पाइनच्या ओंडक्यावर तारा चढवल्या आणि केवळ दिसायला बरे म्हणून दोन्ही बाजूंना एका पोकळ गिटारचे अर्धे भाग जोडले. १९५० च्या दशकातील डॅनइलेक्ट्रो कंपनीच्या वाद्यांची वरची आणि खालची बाजू हार्डबोर्डची होती, आणि पुढे जिमी पेजसारख्या वादकाने त्यांतले एक वाद्य मंचावर वापरले. अँपेग कंपनीसाठी डॅन आर्मस्ट्राँग यांनी १९६९ मध्ये पारदर्शक अॅक्रिलिकची गिटार केली. यांतल्या प्रत्येकीचा आवाज लोकांना गिटारचाच वाटला.

लाकडाचा वाटा शून्य आहे असे मी म्हणत नाही. तो लाकडाच्या जातीच्या नावावरून सांगता येत नाही, एवढे मात्र मी ठामपणे म्हणतो. आपले अनुभव आणि आक्षेप जरूर लिहावेत.

सप्तक_कोथरूड

आपण मांडलेले भौतिकशास्त्र मला मान्य आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत होऊ शकत नाही. माझ्याकडे एकाच कंपनीच्या दोन गिटार आहेत, एक महोगनीची आणि एक बासवुडची. दोन्हींत एकाच प्रकारचे हंबकर (दोन वेटोळ्यांचे पिकअप) आहेत आणि मी दोन्ही एकाच अँपवर वाजवतो. महोगनीच्या गिटारवर स्वर अधिक वेळ टिकतो आणि खालचे स्वर अधिक भरीव लागतात. माझ्या बरोबरच्या वादकांनाही हे जाणवले आहे, त्यामुळे तो माझ्या मनाचा खेळ आहे असे मी मानत नाही.

दुसरे असे, की अँप चालू असताना गिटारच्या लाकडावर बोटाने टकटक केले तर ती टकटक स्पीकरमधून स्पष्ट ऐकू येते. पिकअपला लाकूड जाणवत नसेल, तर ही टकटक कुठून येते?

वेटोळे

आपला टकटकीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बॉडीवर बोट आपटले की ब्रिजही हादरतो, त्यामुळे तारा हलतात आणि पिकअप त्या हलणाऱ्या तारा ऐकतो. तारांवर तळहात घट्ट ठेवून पुन्हा टकटक करून पाहा, आवाज बराच कमी होईल. जो उरतो तो बहुतेक पिकअपचा असतो, कारण त्याचे वेढे सैल असतील तर ते स्वतःच थरथरतात. मेणात बुडवून घेतलेल्या पिकअपमध्ये ही थरथर जवळजवळ नाहीशी होते. शिवाय बोटाचा आघात तारेने ब्रिजला दिलेल्या धक्क्यापेक्षा कितीतरी जोराचा असतो, हेही ध्यानात घ्यावे लागेल.

दोन गिटारमधला फरक मी नाकारत नाही, फक्त त्याचे श्रेय लाकडालाच द्यावे का, एवढाच माझा प्रश्न आहे. दोन्हींची स्केल लांबी, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची मोकळ्या तारेची लांबी, एकच आहे का? फेंडरच्या पद्धतीची लांबी ६४८ मिलिमीटर, तर गिब्सनच्या पद्धतीची सुमारे ६२८ मिलिमीटर असते, आणि त्याच तारा त्याच स्वराला लावल्या तरी दोन्हींवरचा ताण वेगळा पडतो. ब्रिज एकाच जातीचा आहे, की एकावर ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) आहे आणि दुसऱ्यावर स्थिर ब्रिज? पिकअप आणि तारा यांतले अंतर दोन्हींवर मोजले आहे का? पॉट (आवाज कमीजास्त करण्याच्या बटणांखालचे रोधक) ५०० किलोओहमचे आहेत, की एखाद्यात २५० चे बसवलेले आहेत? तारा एकाच दिवशी बदलल्या होत्या का? यांतली प्रत्येक गोष्ट आपण वर्णन केलेला फरक घडवू शकते.

सप्तक_कोथरूड

स्केल लांबी एकच आहे. बासवुडच्या गिटारवर ट्रेमोलो आहे, महोगनीवर नाही. पिकअपचे अंतर मी मोजलेले नाही.

टिंबरमार्केट

मी भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून लाकूड आणून गिटार घडवतो. आतापर्यंत सागवान, शिसवी, महोगनी आणि जुन्या खोक्यांतून निघालेले पाइन एवढे वापरून झाले आहे. वेटोळे यांचे बरेचसे म्हणणे मला पटते, पण ते एका गोष्टीकडे दुर्लक्ष करत आहेत असे मला वाटते. लाकूड हे नुसते आवाजाचे साहित्य नसून वाद्याचे हाड आहे. नेकचे लाकूड नीट मुरलेले नसेल, तर एप्रिलमध्ये ते आकसते आणि फ्रेटची टोके बाहेर येऊन बोटाला टोचू लागतात, आणि जुलैत तेच लाकूड दमट हवेने फुगते व नेकचा बाक बदलतो. सातव्या फ्रेटजवळचे ०.२५ मिलिमीटरचे अंतर वाढले की तारा उंचावतात आणि कमी झाले की त्या फ्रेटवर खरखरू लागतात. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली पोलादी सळई, फिरवून हे सुधारता येते, परंतु पिळवटलेल्या नेकवर ट्रस रॉडचा काही इलाज चालत नाही. वादकाला हा सगळा त्रास आवाजाचाच वाटतो आणि तो लाकडामुळेच झालेला असतो.

वजनाचेही तसेच. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो, शिसवी ८३० च्या आसपास आणि आल्डर ४५० च्या आसपास भरते. अखंड शिसवीची बॉडी खांद्यावर घेऊन दोन तासांचा कार्यक्रम करणारा वादक कसा वाजवेल, याचा विचार करून मी आता शिसवी फक्त फिंगरबोर्डसाठी वापरतो.

अनुनाद

मी यांत्रिक अभियांत्रिकी शिकवतो आणि कंपन हाच माझा विषय आहे. चर्चा अजून बॉडीभोवतीच फिरते आहे, पण या प्रश्नाचे खरे उत्तर नेकमध्ये आहे असे मला वाटते.

तारेची ऊर्जा टोकातून किती बाहेर पडेल, हे त्या टोकाची यांत्रिक चालकता ठरवते, म्हणजे ठरावीक बलाला ते टोक किती वेगाने हलते यावर ते अवलंबून असते. जर्मनीतील हेल्मुट फ्लायशर आणि टिलमन त्स्विकर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रिक गिटारवर ही मोजणी केली. त्यांना असे आढळले की ब्रिजच्या बाजूचे टोक जवळजवळ स्थिर असते आणि नेकच्या बाजूचे टोक त्याहून पुष्कळ अधिक हलते. नेकला, लांब पट्टीला असतात तशा, स्वतःच्या अनुनादाच्या कंप्रता असतात, म्हणजे त्या कंप्रतांना तो सहज जोराने थरथरतो. एखाद्या फ्रेटवरच्या स्वराची कंप्रता नेकच्या अनुनादाशी जुळली आणि नेक त्या ठिकाणी जोराने हलणारा असला, की तारेची ऊर्जा झपाट्याने नेकमध्ये जाते आणि तो स्वर शेजारच्या स्वरांच्या तुलनेत लवकर विझतो. वादक यालाच डेड स्पॉट म्हणतात. २०१४ मध्ये पॅरिसच्या पाते, ल कारू आणि फाब्र या संशोधकांनी नेकची चालकता मोजून कोणत्या फ्रेटवरचा स्वर किती वेळ टिकेल याचे भाकीत करण्याची पद्धत मांडली. यातला कोणताही भाग मताचा नाही, सगळे मोजून पाहता येते.

म्हणजे लाकूड तारेच्या कंपनावर परिणाम करते, हे सिद्ध आहे. पण त्यात जातीचा वाटा किती, हे एका साध्या अंदाजाने पाहू. वाकणाऱ्या पट्टीची कंप्रता तिच्या जाडीच्या प्रमाणात आणि ताठरता भागिले घनता यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. कठीण मेपलची ताठरता सुमारे १२.६ गिगापास्कल आणि घनता घनमीटरला सुमारे ७०५ किलो, तर होंडुरास महोगनीची ताठरता सुमारे १० आणि घनता सुमारे ५९०. वर्गमुळे काढली तर दोन्हींतला फरक अवघा दोन-तीन टक्क्यांचा येतो, कारण मेपल अधिक ताठर असते तसेच अधिक जडही असते. आता तोच नेक २० ऐवजी २२ मिलिमीटर जाड करा. कंप्रता दहा टक्क्यांनी वाढते. एक सेमीटोन म्हणजे जवळपास सहा टक्के, तेव्हा केवळ दोन मिलिमीटर जाडीने डेड स्पॉट दीड फ्रेटहून अधिक सरकतो. प्रत्यक्ष नेकमध्ये हेडस्टॉकचे (खुंट्या बसवलेल्या टोकाचे) वजन, फिंगरबोर्ड, ट्रस रॉड आणि जोडणी यांचाही भाग असतो, त्यामुळे हा अंदाज ढोबळच आहे, परंतु कोणता घटक मोठा आणि कोणता लहान हे त्यातून स्पष्ट दिसते. शिवाय एकाच जातीच्या दोन तुकड्यांच्या ताठरतेत दहा-वीस टक्क्यांचा फरक सहज असतो. मग 'मेपलचा आवाज' म्हणताना आपण नेमका कोणत्या मेपलविषयी बोलत असतो?

नवशिका_पाषाण

डेड स्पॉट घरी कसा शोधावा? यासाठी काही उपकरण लागते का?

अनुनाद

उपकरण लागत नाही. अँप बंद ठेवा किंवा आवाज अगदी स्वच्छ ठेवा, डिस्टॉर्शन लावू नका, कारण डिस्टॉर्शन विझणारा स्वर उचलून धरते आणि फरक झाकते. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक स्वर सारख्याच जोराने छेडा आणि तो पूर्ण विझेपर्यंत ऐका. एखादा स्वर मध्येच कोसळतो असे वाटले, तर हेडस्टॉकला एक जड क्लिप किंवा लहान शिकंजा लावून पुन्हा तेच करा. नेकच्या टोकाचे वजन वाढले की अनुनादाची कंप्रता उतरते आणि तो मुका स्वर वेगळ्या फ्रेटवर जातो. तसे झाले, तर दोष पिकअपचा किंवा तारेचा नव्हता हे तुम्हाला स्वतःच्या कानांनी कळेल.

जवारी

मी तानपुऱ्याच्या साथीला बसणारी आहे, गिटार मला येत नाही, पण हा धागा मी आवडीने वाचते आहे. आपल्याकडे तंतुवाद्याच्या लाकडाविषयी जो आदर आहे, तो मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या मिळवलेला आहे. तानपुऱ्याचा भोपळा आणि तुणाच्या लाकडाची तबली (वरची पातळ फळी) ही तिथे खरोखर आवाजाची अंगे आहेत, कारण हवा तीच हलवतात. मिरजेच्या सितार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही याच कौशल्याला. माझा तर्क असा, की पोकळ वाद्यांवर घडलेला आपला कान भरीव गिटारकडेही त्याच अपेक्षेने पाहतो आणि लाकडाचे नाव ऐकले की आवाज आधीच ठरवून टाकतो.

पण आपल्याच परंपरेतली आणखी एक गोष्ट मला येथे अधिक उपयोगी वाटते. तानपुऱ्याचा आवाज खुलतो तो जवारीने, म्हणजे घोडीच्या किंचित गोलाईवर तार जिथे स्पर्श करते तिथल्या सुताच्या धाग्याच्या जागेने. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणा यांवर लिहिताना असे दाखवले, की ज्या बिंदूवर छेडल्यास एखादा उपस्वर उमटूच नये असे पाश्चात्त्य सिद्धांत सांगतो, तिथे छेडूनही या वाद्यांत तो जोमाने उमटतो, आणि त्याचे कारण त्यांनी घोडीच्या वक्र पृष्ठभागात शोधले. भोपळा तोच, तबली तीच, तारही तीच, आणि धागा केसभर सरकवला की तानपुरा बोलू लागतो किंवा गप्प होतो. तार जिथे टेकते ती जागा किती निर्णायक असते, हे आम्हाला रोज स्वर लावताना दिसते. इलेक्ट्रिक गिटारच्या नट आणि ब्रिजकडे या दृष्टीने कोणी पाहते का?

वेटोळे

जवारी यांचा प्रश्न या धाग्यातला मला सर्वांत मोलाचा वाटला. होय, पाहायलाच हवे. नटची खाच तारेपेक्षा रुंद झाली किंवा तिचा उतार चुकला, तर मोकळी तार सितारीसारखी झणझणते आणि तिचा स्वरही लवकर मरतो. ब्रिजच्या सॅडलवर, म्हणजे तार प्रत्यक्ष टेकते त्या तुकड्यावर, खोबण पडली तरी हेच होते. दुरुस्तीला आलेल्या कित्येक गिटारचा 'लाकडाचा दोष' नटची खाच नीट घासल्यावर निघून जातो. गिटारच्या नटला जवारीची गोलाई नको असते, तार एका रेषेवर स्वच्छ टेकायला हवी. गरज उलटी असली तरी काम तितकेच बारीक आहे.

सप्तक_कोथरूड

मी आज पिकअपचे अंतर मोजले. महोगनीच्या गिटारवर पिकअप तारांच्या बराच जवळ आहे. तरीही माझा मूळ आक्षेप मी मागे घेत नाही, कारण येथे आकडे पुष्कळ आले, पण ऐकून केलेली तुलना कोणीच सांगितलेली नाही. नॅशव्हिलचे वादक जिम लिल यांनी २०२१ मध्ये दोन बाकांच्या मध्ये तारा ताणून, बॉडी आणि नेक दोन्ही वगळून ध्वनिमुद्रण केले आणि ते नेहमीच्या गिटारपासून वेगळे ओळखणे अत्यंत कठीण आहे, हे मी ऐकले आहे. पण ते एका व्यक्तीचे एका जागचे काम आहे. तशी तुलना पुण्यात, आपल्यासमोर, नावे झाकून व्हावी असे मला वाटते.

अनुनाद

सूचना उत्तम आहे, आणि स्ट्रॅटोकास्टरच्या रचनेमुळे ती सोपी होते. तिचे तिन्ही पिकअप आणि सगळी बटणे एकाच पिकगार्डवर (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर) बसवलेली असतात, त्यामुळे जॅकच्या आणि अर्थच्या तारा सोडवल्या की संपूर्ण विद्युतमंडळ जसेच्या तसे दुसऱ्या बॉडीवर नेता येते. नेक एकच ठेवावा, ब्रिजही तोच, तारा एकाच मापाच्या आणि नव्या, आणि प्रत्येक वेळी पिकअपची उंची मोजून घ्यावी. ध्वनिमुद्रण अँपविना थेट करावे, कारण गिटारचा बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचा बराचसा भाग कापून टाकतो आणि फरक असलाच तर तो लपेल. फीत कोणत्या बॉडीची आहे हे ती ऐकवणाऱ्यालाही माहीत नसावे. श्रोत्याला वीस तुकडे ऐकवले, तर निव्वळ अंदाजाने सरासरी दहा बरोबर येतील, आणि पंधरा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता पन्नासात एक इतकीच असते. म्हणून पंधरा ही सीमा आधीच ठरवून ठेवावी, निकाल पाहून नव्हे.

टिंबरमार्केट

तुलना होईपर्यंत एका वेगळ्या बाजूची नोंद करतो. लाकडाच्या नावावर चालणाऱ्या या श्रद्धेची किंमत जंगलांनी मोजली आहे. ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ मध्ये जवळजवळ बंद झाला. जानेवारी २०१७ पासून शिसवीची संपूर्ण प्रजाती, म्हणजे आपली भारतीय शिसवीसुद्धा, साइट्स (संकटग्रस्त वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या परवान्याखाली आली, आणि तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या अखेरीस. त्याच काळात फेंडरने मेक्सिकोत होणाऱ्या अनेक गिटारचे फिंगरबोर्ड शिसवीऐवजी पाउ फेरो या लाकडाचे केले. त्याआधी २०११ मध्ये भारतातून आलेल्या शिसवी आणि आबनूस लाकडावरून अमेरिकेत गिब्सन कंपनीच्या कारखान्यांवर छापे पडले होते. मी स्वतः आता नवी शिसवी विकत घेत नाही, पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या तुळयांतून आणि दारांतून निघालेली घेतो. ती आवाजाला चांगली म्हणून नव्हे, तर मुरलेली असते आणि त्यासाठी नवे झाड पडत नाही म्हणून.

नवशिका_पाषाण

सर्वांचे आभार. माझे बजेट मर्यादित आहे आणि मला स्वच्छ आवाजातले वादन आवडते. मग मी बासवुडची गिटार निःशंक घ्यावी का?

वेटोळे

लाकडाच्या नावाकडे न पाहता घ्या, पण दुकानात प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. अनुनाद यांनी सांगितलेली डेड स्पॉटची परीक्षा दुकानातच करा, कारण एकाच मॉडेलच्या दोन नगांत तो दोष वेगळ्या जागी आणि वेगळ्या तीव्रतेचा निघतो. नेक सरळ आहे का ते डोळ्यांसमोर धरून पाहा. घरी आणल्यावर तारा बदला, आणि सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप असतील तर शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपचे अंतर जाड तारेखाली २.४ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटरपासून सुरू करा, मग कानाने ठरवा. फार जवळ आणलेत तर चुंबक तारेलाच ओढतो आणि स्वर डगमगतो. वाचलेल्या पैशांतून टापकीर गल्लीतून चांगले पॉट आणि कमी धारितेची केबल घ्या, आणि त्यानंतरही पैसे उरले तर ते स्पीकरवर खर्च करा.

टिंबरमार्केट

तुलनेसाठी एक सागवानाची आणि एक पाइनची अशा दोन बॉडी मी करून देतो. दोन्हींची नेकची खाच आणि ब्रिजची जागा एकाच साच्यावरून कापतो, म्हणजे त्यावरून वाद व्हायला नको. पॉलिश दोन्हींवर एकाच जाडीचे देईन. नेकचे चार स्क्रू दोन्ही वेळा सारख्याच ताकदीने आवळले गेले पाहिजेत, तेव्हा कोणाकडे टॉर्क मोजणारा स्क्रूड्रायव्हर असेल तर कृपया येथे कळवावे.